खोड की दोष? : मुक्तस्रोत आकृतिलेखन-प्रणालींच्या दोषनोंदींचे एक वाचन

प्रस्तावना

मराठी समीक्षेने ललित गद्याच्या जोडीने बखर, कैफियत, पत्रव्यवहार अशा व्यवहारातील गद्याचाही विचार केलेला आहे. लेखनाचा हेतू वाङ्मयीन नसला तरी लिहिणाऱ्याचे आणि वाचणाऱ्याचे परस्परसंबंध त्यातून उमटतात, ही त्यामागील भूमिका. संगणकाच्या प्रसाराबरोबर असाच एक व्यावहारिक गद्यप्रकार गेल्या काही दशकांत रूढ झाला. एखाद्या प्रणालीत काही बिघडलेले आढळले की वापरकर्ता ते तिच्या कर्त्यांना लेखी कळवितो. कर्ते उलट प्रश्न विचारतात, दुरुस्ती करतात किंवा नाकारतात. आणि हा सर्व संवाद क्रमांकासह जतन होतो. इंग्रजीत यास ‘बग रिपोर्ट’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘दोषनोंद’ हा शब्द योजला आहे.

मालकी हक्काच्या सॉफ्टवेअरमध्ये हा संवाद बहुधा कंपनीच्या दप्तरातच राहतो. मुक्तस्रोत प्रणालींमध्ये तो सर्वांसमक्ष चालतो, म्हणून त्याचे वाचन शक्य होते. येथे विचार आकृती काढण्याच्या प्रणालींपुरता मर्यादित ठेवला आहे. टेक्सास विद्यापीठात १९८५ साली जन्मलेले ‘एक्सफिग’, एटी अँड टीच्या प्रयोगशाळेतून आलेले ‘ग्राफव्हिझ’, ग्नोम प्रकल्पाच्या परिवारातील ‘डिया’ आणि २००३ साली ‘सोडिपोडी’पासून वेगळे झालेले ‘इंकस्केप’ ही त्यांतील प्रमुख उदाहरणे होत. हिशेबाच्या प्रणालीत बेरीज चुकली तर वादास जागा उरत नाही. आकृतीत मात्र चौकट मोठी झाली, बाण वळला, अक्षर हलले, तर ती चूक आहे की रीत, हे पाहणाऱ्याच्या अपेक्षेवर ठरते. दोषनोंदीतील खरा वाद यंत्राच्या वर्तनापेक्षा त्या वर्तनास नाव देण्याच्या अधिकाराचा असतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. देवनागरीत आकृती काढणाऱ्यास हा अधिकार कितपत मिळतो, हा त्यातूनच निघणारा पुढचा प्रश्न.

खोड कशास म्हणावे?

या चर्चेसाठी मराठीत एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘खोड’. दोष काढून टाकायचा असतो. खोड सांभाळून घ्यायची असते. घरातल्या जुन्या दाराला जरा उचलून लोटावे लागते, हे घरच्यांना ठाऊक असते आणि त्यात कोणाला काही बिघडलेले दिसत नाही. पाहुणा मात्र दाराशी अडतो. आकृतिलेखन-प्रणालींत अशी दारे पुष्कळ आहेत.

एक्सफिगमध्ये अनेक टप्प्यांची रेषा काढताना शेवटचा बिंदू माउसच्या मधल्या बटणाने द्यावा लागतो. ही प्रणाली तीन बटणांच्या माउसच्या काळातली. पुढे दोनच बटणांचे संगणक हाती आले आणि नवख्याची रेषा संपेना. डियामधील फ्लोचार्टच्या चौकटीत मजकूर वाढला की चौकट आपोआप फुगते, आणि मजकुरापेक्षा लहान करू गेल्यास ती ऐकत नाही. मजकूर चौकटीबाहेर सांडू नये हा त्यामागील विचार. पण एका ओळीतल्या पाच चौकटी एकाच मापाच्या हव्या असणाऱ्याला तो जाचतो. या गोष्टी किरकोळ आहेत. त्यांच्याशी वापरकर्ता आठवडाभरात जुळवून घेतो.

ग्राफव्हिझचे उदाहरण अधिक बोलके आहे. या प्रणालीत आकृती हाताने काढायची नसते. कोणता घटक कोणास जोडलेला आहे हे ‘डॉट’ नावाच्या भाषेत लिहून द्यायचे, मांडणी प्रणालीच करते. काही घटकांचा एक गट करून त्याभोवती चौकट हवी असेल तर त्या उपआलेखाचे नाव ‘क्लस्टर’ या अक्षरांनी सुरू व्हावे लागते. एखाद्याने महाविद्यालयाच्या रचनेचा तक्ता करताना गटाला ‘विभाग१’ असे नाव दिले, तर घटक दिसतात, बाण दिसतात, चौकट मात्र येत नाही. ‘क्लस्टर’ लिहिताना एक अक्षर गळाले तरी तेच घडते. प्रणाली कोणतीही सूचना देत नाही, कारण तिच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते. दुसऱ्या नावाचा उपआलेखही वैधच असतो. आणखी असे की घटकाची रुंदी इंचांत सांगायची आणि अक्षराचे माप पॉइंटांत. हे सारे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले आहे.

पुस्तिकेत आहे म्हणून तो दोष ठरत नाही, हे कर्त्याच्या बाजूने बरोबर आहे. परंतु नाव हे ओळखण्यासाठी असते, असे कोणत्याही भाषेचा माणूस गृहीत धरतो. येथे नावाच्या पहिल्या सात रोमन अक्षरांत आज्ञा दडवलेली आहे. ज्याला अपेक्षित चौकट मिळाली नाही आणि का मिळाली नाही हेही कळले नाही, त्याच्या दृष्टीने ही खोड दोषाच्या फार जवळ येते. येथे वर्तन सदोष नसून मौन सदोष आहे, असे म्हणता येईल. दोषनोंदीच्या ठराविक रकान्यांत मौनासाठी जागा क्वचितच असते.

खोड सुधारल्याने नवा दोष उत्पन्न होतो, असाही प्रकार आहे. इंकस्केप आरंभापासून एका इंचात ९० पिक्सेल धरीत असे. वेबच्या सीएसएस मानकानुसार ते ९६ असायला हवेत. जानेवारी २०१७ मधील ०.९२ या आवृत्तीत ही तफावत दूर केली गेली. मानकाच्या दृष्टीने दोष गेला. पण पिक्सेलमध्ये मापलेली जुनी आकृती नव्या हिशेबाने पाहिली तर १६ सेंटिमीटरची १५ सेंटिमीटरची होते. म्हणून जुनी धारिका उघडताच तिचे काय करावे, असा प्रश्न प्रणाली विचारू लागली. ज्यांनी जुन्या मापावर छापील पुस्तकांच्या आकृत्या बेतल्या होत्या, त्यांच्या लेखी ९० हाच आकडा सत्य होता. दुरुस्तीची किंमत नेहमी खोडीशी जुळवून घेतलेला जुना माणूस देतो, हे दोषनोंदींच्या वाचनात वारंवार लक्षात येते.

या संदर्भात डोनाल्ड क्नुथ यांचे स्मरण अपरिहार्य आहे. आकृतीशी नव्हे, अक्षरजुळणीशी संबंधित असलेल्या आपल्या ‘टेक’ प्रणालीतील चुकांची रोजनिशी त्यांनी १९७८ पासून ठेवली आणि १९८९ साली तिच्यावर दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. प्रत्येक नोंदीस त्यांनी वर्ग दिला. चुका वेगळ्या आणि सुधारणा वेगळ्या ठेवल्या. चूक दाखविणाऱ्यास ते २.५६ डॉलरचे बक्षीस देत, कारण २५६ ही संख्या षोडशमान पद्धतीत १०० अशी लिहिली जाते. आपल्या मृत्यूनंतर प्रणालीची आवृत्ती ‘पाय’ या स्थिरांकावर गोठवावी आणि तोवर उरलेल्या चुका तिची वैशिष्ट्ये समजाव्यात, असेही त्यांनी जाहीर करून ठेवले आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असे आपण म्हणतो. क्नुथ यांच्या व्यवस्थेत कर्ता गेल्यावर दोषच खोड म्हणून अमर होतो. विनोद बाजूला ठेवला तरी यात एक प्रामाणिक कबुली आहे. दोष आणि खोड यांमधील रेषा वस्तूत नसते. ती ओढण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याच्या हातात असते.

अर्ज, तक्रार आणि पंचनामा

दोषनोंद कशी लिहावी, याविषयी पुटी या प्रणालीचे कर्ते सायमन टॅथम यांनी १९९९ साली लिहिलेला निबंध या क्षेत्रात पाठ्यपुस्तकासारखा वाचला जातो. त्यातील दोन अपेक्षा महत्त्वाच्या आहेत. बिघाड कर्त्याला आपल्या डोळ्यांनी पाहता येईल इतके तपशील द्यावेत, आणि प्रत्यक्ष घडलेले व आपला तर्क यांत गल्लत करू नये. वरवर साध्या वाटणाऱ्या या अपेक्षा आपल्या लेखनसंस्काराला मात्र परक्या आहेत.

आपल्याकडे व्यावहारिक लेखनाचे शिक्षण अर्जापासून सुरू होते. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ असा आरंभ आणि ‘ही नम्र विनंती’ असा शेवट. मधल्या भागात अडचण कमी आणि पात्रता जास्त. अर्जाची दुसरी बाजू म्हणजे तक्रार. तिच्यात अडचणीपेक्षा अपराधी महत्त्वाचा. ‘बाण नीट जोडला जात नाही, कृपया लक्ष द्यावे’ हे वाक्य अर्जाचे आहे. ‘इतकी वर्षे झाली तरी यांना साधा बाण जोडता येत नाही’ हे तक्रारीचे. दोन्ही वाचून कर्त्याला काहीच करता येत नाही.

दोषनोंदीला आपल्या परंपरेतील सर्वांत जवळचा लेखनप्रकार म्हणजे पंचनामा. काय, कोठे, कोणत्या स्थितीत, किती अंतरावर आढळले एवढेच त्यात लिहायचे. कोणी केले हे लिहायचे नाही. वरील बाणाचाच पंचनामा असा होईल : ‘डियामध्ये दोन चौकटी काढल्या. बाणाचे टोक दुसऱ्या चौकटीच्या कडेवरील जोडबिंदूवर नेऊन सोडले. टोकावरचा हिरवा ठिपका तांबडा व्हावयास हवा होता. तो हिरवाच राहिला. चौकट सरकवली, बाण जागीच राहिला.’ या चार-पाच वाक्यांत विशेषण म्हणावे तर रंगाचेच आहे, आणि त्यावाचून तर चालणारच नाही. जोडलेले टोक तांबडे आणि न जोडलेले हिरवे, ही त्या प्रणालीची खूण जाणणारा कर्ता पहिल्या वाचनातच विचार करू लागेल.

चांगल्या नोंदीत संपादनाचेही कौशल्य असते. डियाची धारिका म्हणजे आवळून ठेवलेला एक्सएमएल मजकूर. ती नोंदीस जोडता येते, आणि मग आकृती ही एकाच वेळी कृतीही असते आणि साक्षीदारही. परंतु कोणी आपल्या कार्यालयाची संपूर्ण रचना जगासमोर टाकणार नाही. शिवाय दोनशे चौकटींत दोष शोधणे कर्त्यालाही नको असते. म्हणून आकृतीतील एकेक घटक काढून टाकीत, दोष टिकून राहील एवढीच लहानात लहान आकृती उरवायची. दोष कोणत्या आवृत्तीत शिरला हे पाहण्यासाठी जुन्या आवृत्त्या मधोमध विभागून तपासत जाण्याची रीतही रूढ आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीशी परिचय असलेल्या वाचकास यातील विचारपद्धती नवी वाटणार नाही : अपपाठ कोणत्या शाखेत प्रथम दिसतो, यावरून त्याचा उगम ठरवायचा. तेथे विद्वानांची मंडळे अनेक दशके राबली. येथे तेच काम एकट्या वापरकर्त्याने फावल्या वेळात करावे, अशी अपेक्षा असते.

टॅथम यांच्या निबंधाची मर्यादा नेमकी येथे आहे. तो कर्त्याने वापरकर्त्याला दिलेला उपदेश आहे. नोंद घेणाऱ्याने कशी घ्यावी, नकार कसा लिहावा, याचे शास्त्र त्यात नाही. एरिक रेमंड यांनी १९९७ साली मांडलेला सिद्धान्त असा की पाहणारे डोळे पुरेसे असले तर कोणताही दोष खोल राहत नाही. या सिद्धान्तात डोळे मोजले आहेत. पाहिलेले लिहिता येणारे हात मोजलेले नाहीत.

निकालाची भाषा

मोझिला प्रकल्पासाठी १९९८ साली खुली झालेली ‘बगझिला’ ही नोंदवही पुढे अनेक मुक्तस्रोत प्रकल्पांनी स्वीकारली. ग्नोमने ती स्वीकारली आणि डियाच्या नोंदीही तेथेच होत. या वहीत प्रत्येक नोंदीचा निकाल ठराविक शब्दांत द्यावा लागे : दुरुस्त, अवैध, दुरुस्त करणार नाही, पुनरुक्त, आणि ‘वर्क्स फॉर मी’ म्हणजे ‘माझ्याकडे चालते’. ग्नोमने त्यांत ‘हा दोष नव्हे’, ‘हे ग्नोमचे नव्हे’ अशी भर घातली.

या यादीकडे भाषेच्या अंगाने पाहिले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. सर्व निकाल निर्वैयक्तिक आहेत. केवळ एकात प्रथमपुरुष अवतरतो. ‘माझ्याकडे चालते’ हे वाक्य निकाल म्हणून विलक्षण आहे. ते खोटे नसते. कर्त्याच्या यंत्रावर खरोखर चालत असते. परंतु साक्षीदाराने ‘मी पाहिले’ म्हटल्यावर न्यायाधीशाने ‘मला दिसले नाही’ एवढेच म्हणून प्रकरण मिटवावे, असा तो प्रकार होतो. अनुभवी कर्ते हा शब्द जपून वापरतात आणि आधी अधिक माहिती मागतात, हेही नमूद केले पाहिजे. बहुतेक कर्ते बिनपगारी काम करणारे. एकेका नोंदीसाठी त्यांनी रात्री जागवाव्यात, असा आग्रह धरणे अन्यायाचे ठरेल.

तीव्रतेचा रकाना याहून अधिक विचार करायला लावतो. ‘काम थांबविणारा’ या वरच्या पायरीपासून ‘क्षुल्लक’पर्यंत दोष उतरत येतात, आणि क्षुल्लकाच्याही खाली ‘वाढीव सुधारणा’ ही पायरी असते. जे कर्त्याच्या मनात कधी नव्हतेच, त्याचा अभाव हा दोष नव्हे, तर मागणी. वर्गीकरण म्हणून हे समजण्यासारखे आहे; परिणाम मात्र असा की ज्याची गरज प्रणालीच्या जन्मवेळी कोणाच्या ध्यानात नव्हती, तो वापरकर्ता आपोआप पंचनाम्यातून अर्जात ढकलला जातो.

२०१८ साली ग्नोमने आपले काम ‘गिटलॅब’वर नेले. पुढे बगझिला बंद करताना, दीर्घकाळ हालचाल न झालेल्या जुन्या उघड्या नोंदी एकगठ्ठा मिटविण्यात आल्या. व्यवस्थापनाच्या दृष्टीने दुसरा मार्ग नसेल. तरीही वाचक म्हणून हे खटकते : दोष सुधारला म्हणून नव्हे, तर वही संपली म्हणून प्रकरण संपले. डियाची ०.९७.३ ही आवृत्ती २०१४ साली आली, तेव्हाही तिने १.० हा पूर्णतेचा आकडा घेतलेला नव्हता. आपले काम अपुरे आहे हे असे क्रमांकातच सांगणारी प्रणाली आणि तिच्या अपुरेपणाच्या अशा मिटलेल्या नोंदी, हे चित्र विषण्ण करणारे आहे.

दर्या आणि दऱ्या

हा सर्व विचार देवनागरीपाशी येऊन अडतो. डियात तयार केलेली आकृती पुस्तकासाठी ईपीएस स्वरूपात काढताना यादीत एकाच स्वरूपाच्या दोन वाटा दिसतात : एक साधी आणि एक ‘पँगो फाँट वापरून’. पहिलीत पोस्टस्क्रिप्टचे फाँट वापरले जातात. दुसरीत अक्षरांच्या बाह्यरेषाच चित्र म्हणून काढल्या जातात. पोस्टस्क्रिप्टच्या प्रमाण फाँटांत देवनागरी नसल्याने मराठी आकृतीला आशा असलीच तर दुसऱ्या वाटेत. रोमन लिपीत काम करणाऱ्यास ही दुहेरी वाट ही एक खोड वाटेल. मराठी माणसासाठी तिच्यावर अक्षरे उमटणे वा न उमटणे अवलंबून आहे.

अक्षरे मुळीच उमटली नाहीत तर निदान दोष उघड असतो. अवघड प्रसंग वेगळाच. मराठीत ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत अर्थभेद आहे. हा आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडवर्ण ठेवून. दुसऱ्या रीतीतला तो अदृश्य वर्ण नकलताना किंवा निर्यात करताना गळाला की अर्ध्या र ऐवजी रफार उमटतो. वसतिगृहाच्या नकाशात ‘आचाऱ्यांची खोली’ अशी चौकट काढावी आणि छापून येताना स्वयंपाकघराशेजारी ‘आचार्यांची खोली’ अवतरावी! हसू येईल, पण मराठी न जाणणाऱ्या कर्त्यासमोर हे चित्र ठेवले तर त्याला काय दिसणार? अक्षरे सुबक आहेत, रिकामे चौकोन नाहीत, मात्रा जागच्या जागी आहेत. ‘माझ्याकडे चालते’ हे तो पूर्ण प्रामाणिकपणे लिहील. पाहणारे डोळे येथे हजार असले तरी उपयोग नाही, वाचणारे हवेत.

शिवाय हा दोष कोणाचा, हे ठरविणे सोपे नाही. आकृतीची प्रणाली मजकूर ‘पँगो’कडे सोपविते, पँगो अक्षरजोडणीचे काम ‘हार्फबझ’कडे देतो, आणि तो फाँटमधील नियम वाचतो. (हार्फबझ हे नाव ज्या फारसी ‘हर्फ’वरून आले, तो आपल्याला ‘हरफ’ म्हणून परिचित आहे.) चार थर, चार नोंदवह्या. प्रत्येकीत ‘हे आमचे नव्हे’ असा निकाल मिळू शकतो, आणि प्रत्येक वेळी तो तांत्रिकदृष्ट्या बरोबर असू शकतो. मराठी ल आणि श यांच्या वळणाचेही असेच. ओपनटाइप फाँटमध्ये भाषेच्या खुणेनुसार मराठी वळण देण्याची सोय आहे; परंतु मजकूर मराठी आहे हे प्रणालीने सांगितले पाहिजे. रेड हॅटच्या ‘लोहित’ फाँटांत आरंभी हिंदी आणि मराठी असे वेगळे फाँट होते. पुढे ते ‘लोहित देवनागरी’त एकवटले. एकीकरण योग्यच होते, पण फाँटच्या नावानेच भाषा ठरण्याची जी सोय होती ती गेली. आकृतीच्या मजकुराला भाषा विचारणारा रकाना ज्या प्रणालीत नाही, तेथे ही उणीव दोष म्हणून नोंदवायची की वाढीव सुधारणा म्हणून?

प्रस्तुत लेखकाचे मत असे की ती दोष म्हणूनच नोंदवली पाहिजे, आणि अर्जाच्या भाषेत मुळीच नाही. मराठी वापरकर्ता सहसा खोड सांभाळून घेतो : अक्षरे दुसरीकडे जुळवून त्यांचे चित्र आकृतीत चिकटवतो आणि काम निभावतो. या चातुर्याचे कौतुक करावे. पण त्यामुळे वहीत नोंद पडत नाही आणि पुढच्याला तेच चातुर्य नव्याने शिकावे लागते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाने मुक्तस्रोत प्रणालींचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणले. वापर शिकविण्याची ही सोय झाली, तशी नोंद लिहिण्याची झाली नाही. महाविद्यालयांतील व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात अर्ज, इतिवृत्त, अहवाल शिकविले जातात. त्यांच्या शेजारी दोषनोंदीला एक तासिका देणे अशक्य नाही.

पंचनामा साक्षीदाराला समजणाऱ्या भाषेत लिहावा आणि सहीपूर्वी त्याला वाचून दाखवावा, अशी आपल्याकडे अपेक्षा असते. दोषनोंद इंग्रजीतच लिहावी लागते, हे नजीकच्या काळात बदलेल असे दिसत नाही. परंतु ‘अपेक्षित’ आणि ‘प्रत्यक्ष’ या दोन रकान्यांत मूळ शब्द देवनागरीतच द्यावेत, दोन्हींचे चित्र शेजारी शेजारी ठेवावे, त्यांतील वर्णांचे युनिकोड क्रमांक क्रमाने लिहावेत, आणि एका वाक्यात अर्थ सांगावा : पहिल्या खोलीत स्वयंपाक करणारे राहतात, दुसरीत शिकविणारे. मराठीचे एक अक्षरही न वाचता येणाऱ्या कर्त्याला एवढ्यावर दोष ओळखता येतो. मग तो आपल्या थरातला नसला, तरी कोणत्या थरात पाठवायचा हे तो सांगू शकतो.